डॉ. योहान लुडविग क्राप्फ : स्वाहिली भाषेचे आद्य कोशकार

नकाशांचें पुस्तक उघडून तासन् तास त्यांत डोकें खुपसून बसणारीं मुलें प्रत्येक शाळेंत दोनचार तरी असतात. अशा मुलांस मास्तर बहुधा रागें भरतात, व घरीं आईही जेवावयास हांका मारून थकते. अशाच एका मुलाची हकीकत आज आम्ही आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस सांगणार आहों.

जर्मनींतील ट्युबिंगेन शहराजवळ डेरेंडिंगेन नांवाचें एक खेडें आहे. तेथें इ. स. १८१० च्या जानेवारी महिन्याच्या ११ तारखेस एका शेतकऱ्याच्या घरीं योहान लुडविग क्राप्फ याचा जन्म झाला. तो अकरा वर्षांचा असतां एका शेजाऱ्यानें दुसऱ्याच कोणाच्या खोडीबद्दल त्यास पकडून बेदम चोपलें. मुलगा निरपराधी होता. पण त्या मारामुळें त्यास सहा महिने अंथरुणावर काढावे लागले. पडल्या पडल्या वाचण्याची संवय लागली ती याच वेळीं. बरा झाल्यावर तो ट्युबिंगेनच्या लॅटिन शाळेंत जाऊं लागला. पुढें त्याच्या हातीं नकाशांचें एक पुस्तक पडलें. युरोपाचीं पानें गांवांच्या व नद्यांच्या नांवांनीं अगदीं गजबजून गेलेलीं. पण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या आंतला मुलूख जवळजवळ कोरा. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशांत कोणीच राहत नाहीं काय, तेथें नुसते तरसच हिंडत असतात काय, असा प्रश्न त्या मुलास पडला. ब्रूस नांवाच्या प्रवाशाचें हबसाण देशाचें वर्णन त्यास वाचावयास मिळालें, तेव्हां हा प्रश्न अधिकच बळावला. आपण गलबताचे कप्तान व्हावें असें त्यास वाटे. परंतु त्या शिक्षणास लागणारा पैसा शेतकऱ्याच्या घरांत कोठून असणार?

कप्तान होण्याचें राहिलें, पण दूरदेशीं जाण्याचें राहिलें नाहीं. १८२७ सालीं तो बासेल येथील मिशनच्या विद्यालयांत दाखल झाला, मध्येंच तें सोडून ट्युबिंगेनच्या विश्वविद्यालयांत धर्मशास्त्र शिकला, व एका खेड्यांत उपदेशकाच्या हाताखालीं काम करूं लागला. तेथें जगाचा अंत जवळ आला आहे अशा अर्थाचें एक प्रवचन त्यानें केलें, तें वरिष्ठांस मानवलें नाहीं, व ती नोकरी गेली. ही नोकरी टिकती तर क्राप्फ हें नांव डेरेंडिंगेनबाहेर कोणासही ठाऊक झालें नसतें असें आम्हांस वाटतें.

१८३७ सालीं इंग्लंडांतील चर्च मिशनरी सोसायटीनें त्यांस हबसाणांत, म्हणजे आजच्या इथिओपियांत, पाठविलें. (आतां तो मुलगा मोठा झाला असल्यामुळें आम्हीही त्यांचा उल्लेख आदरानें करूं लागलों आहों.) उत्तरेकडील तिग्रे प्रांतांतून लवकरच हकालपट्टी झाली, तेव्हां ते दक्षिणेकडील शोआ राज्यांत गेले. तेथें त्यांनीं अम्हारिक भाषा चांगली आत्मसात केली, गीझ या जुन्या धर्मभाषेंतील हस्तलिखितें मिळविलीं, आणि शेजारच्या ओरोमो लोकांची भाषा शिकून तींत शुभवर्तमानाच्या कांहीं भागांचें भाषांतर केलें. हस्तलिखितांच्या या संग्रहाबद्दल ट्युबिंगेनच्या विश्वविद्यालयानें १८४२ सालीं त्यांस डॉक्टर ही पदवी दिली. ओरोमो लोक संख्येनें मोठे, बाण्याचे. मध्य आफ्रिकेचें दार त्यांच्याच हातांत आहे अशी डॉ. क्राप्फ यांची खात्री झाली, व ती जन्मभर पुरतीशी ढळली नाहीं. पुढील हकीकत समजण्यास ही गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. कारण स्वाहिली भाषा शिकण्यासाठीं ते घरून निघाले नव्हतेच. ते निघाले होते ओरोमो लोकांकडे. स्वाहिली ही त्यांच्या वाटेवर आडवी आलेली भाषा होय.

१८४२ सालीं ईजिप्तमध्यें त्यांचा विवाह रोझिन डिट्रिख या बाईंशीं झाला. पण शोआचा रस्ता आतां त्यांस बंद झाला होता. उत्तरेकडून पुन्हां आंत शिरण्याचा यत्न केला, त्यांत वाळवंटांतच बाईंस अकालीं कन्या झाली. तिचें नांव त्यांनीं एनेबा, म्हणजे अश्रू, असें ठेविलें. ती जगली नाहीं. तिला तेथेंच पुरून नवराबायको एडनला परतलीं. उत्तरेचें दार लागलें, तर दक्षिणेकडून समुद्रमार्गें ओरोमो मुलुखास जाऊन भिडावें, असा निश्चय डॉ. क्राप्फ यांनीं केला, आणि १८४३ च्या नोव्हेंबरांत तीं दोघें एका अरबी गलबतावर चढलीं. तें गलबत इतकें फुटकें निघालें कीं, पाणी उपसतां उपसतां सर्वांचे प्राण कंठाशीं आले. त्यांतून वांचून दुसऱ्या गलबतानें निघालीं तीं ७ जानेवारी १८४४ रोजीं झांझीबारला उतरलीं.

येथें थोडें थांबून या किनाऱ्याची ओळख करून दिली पाहिजे. अरबी भाषेंत साहिल म्हणजे किनारा, त्याचें अनेकवचन सवाहिल. त्या सवाहिलांचे रहिवासी ते स्वाहिली. उत्तरेस सोमालियांतील बरावा, मग लामू, मालिंदी, मोंबासा, पेंबा व झांझीबार हीं बेटें, किल्वा, आणि दक्षिणेस मोझांबिकचा उत्तर भाग, इतक्या लांबीच्या पण फारच अरुंद अशा पट्टींत ही भाषा जन्मली व वाढली. तिचा सांगाडा बांटू कुळांतला, म्हणजे अस्सल आफ्रिकी. पण अंगावरचे कपडे व दागिने समुद्रापलीकडून आलेले. ते कसे आले हें मोसमी वारेच सांगतील. डिसेंबरपासून मार्चपर्यंत ईशान्येकडून वाहणाऱ्या वाऱ्यास तेथील लोक कास्काझी म्हणतात. त्या वाऱ्यावर अरबस्तान, कच्छ, काठेवाड व मुंबई येथील गलबतें तिकडे जात. नंतर नैर्ऋत्येकडून कूसी वारा सुटे, त्यावर तीं परत फिरत. दोन वाऱ्यांच्या मधल्या मुक्कामांत व्यापार होई, सोयरिकी होत, आणि शब्दांची देवघेवही होई.

पोर्तुगीजांनीं मोंबासा येथें १५९३ सालीं किल्ला बांधावयास घेतला. त्या किल्ल्यावरील हुकूम गोव्याहून सुटत. १६९८ सालीं तो ओमानच्या अरबांनीं घेतला. अशा रीतीनें गोवा, कोंकण व मोंबासा हीं एकाच समुद्राच्या तीन दारांसारखीं होतीं. त्याची खूण अजून भाषेंत आहे. आपण पाणी साठवितों त्यास पिंप म्हणतों, स्वाहिलींत पिपा; आपला पेरू तो तिकडे पेरा; अननस तो नानासी; पपई ती पापाई. हे सगळे शब्द पोर्तुगीज जहाजांनीं दोन्ही किनाऱ्यांवर उतरविलेले. शिवाय हिंदी व्यापाऱ्यांच्या तोंडून थेट गेलेले शब्द निराळेच: गाडी तेथें गारी झाली, विमा बिमा झाला, लाख लाकी झाला, छाप चापा झाली, आणि हुंडी हुंडीच राहिली. कलम, साबण, खबर, दुनिया हे अरबी मुलुखाचे पाहुणे तर आपल्याकडेही आहेत व त्यांच्याकडेही. आमच्या एखाद्या विद्यार्थ्यास मोंबासाच्या बाजारांत अचानक उभें केलें, तर तो अगदींच मुका राहणार नाहीं.

झांझीबारचे सुलतान सय्यद सईद यांनीं डॉ. क्राप्फ यांचें चांगलें स्वागत केलें, व किनाऱ्यावरील आपल्या अधिकाऱ्यांस शिफारसपत्र लिहून दिलें. त्या काळीं झांझीबारची जकात जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे मक्त्यानें होती, इतका तेथें हिंदी व्यापाऱ्यांचा जम बसलेला होता. डॉ. क्राप्फ यांनीं मुक्कामासाठीं मोंबासा निवडलें, आणि मे १८४४ मध्यें सपत्नीक तेथें घर केलें.

घर केलें म्हणतों खरें, परंतु तें घर दोन महिनेही टिकलें नाहीं. जुलैच्या आरंभीं बाईंस पुन्हां कन्या झाली. त्याच वेळीं घरांत तापाची सांथ शिरली. नवरा एका खाटेवर, बायको दुसऱ्या खाटेवर. १३ जुलै रोजीं रोझिनबाई वारल्या, व मागोमाग तान्हें मूलही गेलें. डॉ. क्राप्फ स्वतः इतके अशक्त झाले होते कीं, पत्नीच्या प्रेतामागून जाणेंही त्यांस कठीण गेलें. मोंबासा बेटासमोर खाडीपलीकडे मुख्य भूमीवर मायलेकींस पुरलें. त्यानंतर त्यांनीं इंग्लंडला जें पत्र धाडलें त्यांत परत बोलावण्याची विनंति नव्हती. या किनाऱ्यावर आतां मिशनऱ्याची कबर झाली आहे, तेव्हां येथून पुढें आंत जाण्याची वेळ आली आहे, असा त्याचा आशय होता. हें धैर्य म्हणावें कीं हट्ट, याविषयीं दोन मतें होऊं शकतील. स्वतःच्या घरावर असा प्रसंग येईपर्यंत निवाडा देऊं नये हें बरें.

भाषेचें काम तर या आपत्तीच्या आधींच सुरू झालें होतें. ८ जून १८४४ रोजीं, म्हणजे भाषा कानावर पडूं लागल्याला पांचच महिने होत आहेत तोंच, त्यांनीं उत्पत्तीच्या पुस्तकाचें स्वाहिली भाषांतर आरंभिलें. या कामीं त्यांस मोंबासाचे काझी अली यांची मदत झाली. एक ख्रिस्ती उपदेशक व एक मुसलमान काझी शेजारीं शेजारीं बसून शब्द तोलीत आहेत, हें चित्र आम्हांस फार मनोहर वाटतें. त्या भाषांतराचे पहिले अध्याय १८४७ सालीं अमेरिकेंतील एका प्राच्यविद्या परिषदेच्या नियतकालिकांत छापून आले.

भाषा कशी होती, तिचा एकदोन ओळींत मासला देतों. मराठींत शब्दाचें शेपूट बदलतें, स्वाहिलींत तोंड बदलतें. माणूस म्हणजे म्तू, माणसें म्हणजे वातू. मूल म्हणजे म्तोतो, मुलें म्हणजे वातोतो. गंमत अशी कीं, किताब हा अरबी शब्द किताबु या रूपानें तिकडे गेला, तेव्हां त्यांतील ‘कि’ हा आपल्याच व्याकरणांतील उपसर्ग आहे असें लोकांनीं धरलें, आणि अनेक पुस्तकांस विताबु म्हणूं लागले! भाषेचें नांव किस्वाहिली, बोलणारे लोक वास्वाहिली. दिवसाचे तासही ते सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात ते त्यांचा एक. आपल्याकडील जुन्या मंडळींच्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजल्या जात, हें कांहीं पालकांस आठवत असेल.

लिपीचा प्रश्न मात्र नाजूक होता. स्वाहिली कवि कित्येक पिढ्यांपासून अरबी लिपींत लिहीत आले होते, व त्यांचीं दीर्घ काव्यें किनाऱ्यावर घरोघर म्हटलीं जात. परंतु त्या लिपींत प, ब, म्ब यांस बहुधा एकच अक्षर. आणि ए, ओ हे स्वर दाखविण्याची सोय नाहीं. ज्याला भाषा येते तो अंदाजानें वाची; ज्याला ती शिकावयाची आहे तो अडखळे. डॉ. क्राप्फ यांनीं रोमन लिपि पत्करली. या निवडीनें भाषा शाळांस व छापखान्यांस सुलभ झाली यांत संशय नाहीं. पण पुढच्या पिढ्यांतील पुष्कळांस आपल्याच पणज्याचें काव्य वाचतां येईनासें झालें, हेंही खरें. मोडी लिपि मागें पडल्यावर आपल्या घरांतील दप्तरांची जी गत झाली तीच ही. डॉ. क्राप्फ यांस त्या काव्यांची किंमत कळत नव्हती असें मात्र नव्हे. स्वदेशीं परततांना त्यांनीं जुन्या स्वाहिली काव्यांचीं हस्तलिखितें बरोबर नेऊन जर्मन प्राच्यविद्या मंडळास दिलीं. हेरक्लियस बादशहाशीं झालेल्या युद्धावरील मोठें काव्य त्यांत होतें. तीं आज अभ्यासकांस अमोल वाटतात.

१८४६ च्या जून महिन्यांत योहान रेबमन हे त्यांचेच देशबांधव सोबतीस आले. दोघांनीं मोंबासामागच्या डोंगरांत रबाई येथें ठाणें केलें. ठाण्याच्या पायाभरणीच्या दिवशीं दोघेही तापानें फणफणले होते असें सांगतात. रबाईचे लोक स्वाहिली नव्हेत. त्यांची भाषा निराळी, पण त्याच कुळांतली. तींत डॉ. क्राप्फ यांनीं लूककृत शुभवर्तमानाचें भाषांतर व एक अक्षरपुस्तक तयार केलें. तीं छापावयाचीं कोठें? आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर छापखाना नव्हता. तेव्हां हस्तलिखितें गलबतानें मुंबईस आलीं, व १८४८ सालीं अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत तीं पुस्तकें छापलीं गेलीं. हा छापखाना मराठी वाचकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. बालबोध अक्षरांचे सुबक खिळे पाडण्याबद्दल त्याची ख्याति होती. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी कोश १८३१ सालीं प्रथम निघाला, व १८५७ सालीं त्याची सुधारलेली आवृत्ति निघाली. याच दोन सालांच्या दरम्यान समुद्राच्या पलीकडल्या कांठीं डॉ. क्राप्फ स्वाहिली शब्द वेंचीत होते.

आतां डोंगरांची गोष्ट. तीच शाळांच्या पुस्तकांतून अधिक प्रसिद्ध आहे, म्हणून आम्ही ती थोडक्यांत उरकतों. ११ मे १८४८ रोजीं रेबमन यांस किलिमांजारोच्या माथ्यावर पांढरें कांहीं दिसलें. वाटाड्यास बर्फ या वस्तूचें नांव ठाऊक नव्हतें. तो त्यास नुसतें बरिदी, म्हणजे थंडी, म्हणाला. पुढच्या वर्षीं, ३ डिसेंबर १८४९ रोजीं, कांबा लोकांच्या मुलुखांतील कितुई येथून डॉ. क्राप्फ यांनीं केन्या पर्वताचीं हिमाच्छादित शिखरें पाहिलीं. विषुववृत्तावर बर्फ! लंडनमधील कूली नांवाच्या एका घरबशा भूगोलपंडितानें दोघांचीही टर उडविली. पुढें किलिमांजारोचें बर्फ १८६१-६२ मध्यें फॉन डेर डेकन यांनीं, व केन्याचें १८८३ सालीं टॉमसन यांनीं पाहून खात्री केली. हें दुसरें प्रमाण ऐकावयास डॉ. क्राप्फ हयात नव्हते. रबाईच्या मंडळींनीं व्यापाऱ्यांकडून ऐकलेल्या मोठ्या सरोवराचा नकाशा प्रसिद्ध केला, त्यामुळेंच बर्टन व स्पीक हे १८५७ सालीं त्या बाजूस निघाले.

१८५१ सालीं डॉ. क्राप्फ पुन्हां कांबा मुलुखांत गेले तें जिवावर बेतलें. किवोई नांवाचा नायक त्यांचा यजमान होता. ताना नदीजवळ दरोडेखोरांनीं त्यास ठार केलें. डॉ. क्राप्फ रानांत एकटे राहिले. दुर्बिणीच्या चामडी घरांत व बंदुकीच्या नळ्यांत पाणी भरून, रात्रीं चालून व दिवसा झुडुपांत लपून त्यांनीं वाट काढली. बंदूक पाण्याचें भांडें म्हणून वापरणारा शिकारी आमच्या ऐकण्यांत दुसरा नाहीं. कसेबसे किवोईच्या गांवीं पोंचले, तर त्याच्या मृत्यूचा दोष यांच्याच माथीं मारला गेला. तेथूनही रात्रीं पळ काढावा लागला.

या सर्व धांवपळींत शब्दांची वही कधीं सुटली नाहीं. १८५० सालीं ट्युबिंगेन येथें त्यांचें स्वाहिली व्याकरण व पूर्व आफ्रिकेंतील सहा भाषांचा शब्दसंग्रह अशीं दोन पुस्तकें निघालीं. त्याच सालीं ते किनाऱ्याकिनाऱ्यानें गलबतांतून रुवुमा नदीच्या पलीकडे डेलगाडो भूशिरापर्यंत जाऊन आले. गांवोगांव बोली थोडीथोडी बदलते, तरी मोंबासाचा माणूस किल्व्यांत समजला जातो, हा अनुभव त्यांस आला. ओरोमो लोकांकडे जाण्याची वाट शोधतां शोधतां आपण जिला नुसती पायरी समजत होतों, तीच भाषा अर्ध्या खंडास पुरेल इतकी ऐसपैस आहे, ही ओळख त्यांस हळूहळू पटत गेली असावी.

प्रकृति खालावल्यामुळें १८५३ सालीं त्यांनीं आफ्रिका सोडली, व स्टुटगार्टजवळ कोर्नथाल येथें ते राहूं लागले. त्यांचें प्रवासवृत्त १८५८ सालीं जर्मनींत व १८६० सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झालें. १८६१ सालीं मेथडिस्ट मंडळीस रिबे येथें ठाणें काढून देण्यास ते पुन्हां मोंबासास गेले. १८६७ सालीं सर रॉबर्ट नेपियर यांची मोठी फौज मुंबईहून हबसाणावर निघाली, तेव्हां दुभाषी म्हणून त्यांसही बोलावणें आलें. ते गेले, पण आजारी पडून लवकरच परतले.

रबाईचें ठाणें इकडे रेबमन यांनीं एकट्यानें धरून ठेविलें होतें. त्यांस मदत पोंचली ती कोठून, हें ऐकून आमच्या वाचकांस नवल वाटेल. ती पोंचली नाशिकाहून! अरबी गलबतांवर इंग्रजी आरमार छापा घाली, तेव्हां सुटका झालेलीं आफ्रिकी मुलें मुंबईस उतरविलीं जात. त्यांतील पुष्कळांस नाशिकजवळ शरणपूर येथें मिशनच्या शाळेंत ठेवून सुतारकाम, लोहारकाम व इंग्रजी शिकवीत. त्या शाळेंत वाढलेले विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर व जॉर्ज डेव्हिड हे १८६४ सालीं पूर्व आफ्रिकेस परत गेले. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर १८७३ सालीं झांझीबारला जाऊन आले, त्याच वर्षीं सुलतानाकडून गुलामांच्या व्यापारास बंदी झाली. आणि १८७५ सालीं मोंबासासमोर फ्रियरटाऊन वसविलें, तेथेंही नाशिककर आफ्रिकी मंडळी मोठ्या संख्येनें गेली. लिव्हिंग्स्टन साहेबांचें प्रेत १८७४ सालीं लंडनला पोंचविणारा जेकब वेनराइट हा याच नाशिकच्या शाळेचा विद्यार्थी होय. रेबमन १८७५ सालीं एकोणतीस वर्षांच्या मुक्कामानंतर जवळजवळ आंधळे होऊन परतले, कोर्नथालला जुन्या सोबत्याजवळ राहिले, व पुढच्या वर्षीं वारले.

डॉ. क्राप्फ यांचें शेवटचें काम म्हणजे कोश. नुसते शब्दाचे अर्थ देऊन ते थांबले नाहींत; लग्नाच्या चाली, गलबताचे भाग, औषधी झाडें, खाण्याचे पदार्थ, जें जें किनाऱ्यावर पाहिलें होतें तें तें त्या त्या शब्दाखालीं त्यांनीं लिहून ठेविलें. त्यांतील कित्येक व्युत्पत्ति चुकीच्या आहेत व लेखनपद्धति पुढें टिकली नाहीं. पण मोंबासाच्या जुन्या बोलीची इतकी भरलेली कोठी दुसरी नाहीं. याच वर्षांत त्यांनीं ओरोमो भाषेंतील आपलीं भाषांतरेंही छापून घेतलीं. तें पहिलें प्रेम त्यांस विसरलें नव्हतें. २६ नोव्हेंबर १८८१ रोजीं ते अंथरुणाशेजारीं प्रार्थनेसाठीं गुडघे टेकलेल्या स्थितींत मृत आढळले. कोश पुढच्या वर्षीं, १८८२ मध्यें, लंडनला प्रसिद्ध झाला. तो छापून बांधलेला त्यांनीं पाहिला नाहीं.

किनाऱ्यावरची ही भाषा खंडाच्या पोटांत कशी शिरली, हें सांगितल्यावांचून ही हकीकत पुरी होत नाहीं. ती केवळ कोशांनीं व शाळांनीं पसरली असें म्हणणें सत्यास सोडून होईल. झांझीबारहून हस्तिदंतासाठीं व, सांगण्यास दुःख होतें, गुलामांसाठीं निघालेले काफिले टाबोरा, उजिजी व त्यापलीकडे कांगो नदीपर्यंत जात. त्यांच्या हमालांची, वाटाड्यांची व पहारेकऱ्यांची समाईक भाषा स्वाहिली होती. टिप्पू टिप या व्यापाऱ्याचें राज्यच जणूं कांगोच्या पूर्व भागांत होतें. कांगोच्या त्या भागांत लाखों लोक अजून स्वाहिली बोलतात त्याचें एक मूळ तेथें आहे. ज्या भाषेंत मालक गुलामास दरडावीत असे, त्याच भाषेंत निरनिराळ्या जमातींचे गुलाम एकमेकांस आपलें दुःख सांगूं शकत. पुढें जर्मन सरकारनें आपल्या मुलुखांत कचेऱ्या व शाळा याच भाषेंत चालविल्या. १९०५ सालीं त्या सरकाराविरुद्ध माजीमाजीचें बंड उठलें, त्याचें नांवच स्वाहिली: माजी म्हणजे पाणी. इंग्रजी अमलांत बोलींचा वाद निघाला. डॉ. क्राप्फ यांचा पक्ष मोंबासाच्या बोलीचा. पण झांझीबारचे बिशप स्टिअर यांनीं १८७० सालीं तेथील बोलीचें पुस्तक काढलें होतें, व व्यापाराच्या वाटांवर तीच अधिक चालत होती. १९२८ सालीं मोंबासा येथें, म्हणजे डॉ. क्राप्फ यांच्याच गांवीं, परिषद भरली, आणि तिनें झांझीबारची बोली प्रमाण ठरविली! १९३० सालीं शब्द व लेखन ठरविण्यासाठीं समिति नेमली गेली.

टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष जूलियस न्येरेरे यांची मातृभाषा स्वाहिली नव्हती. शंभरांहून अधिक जमातींच्या देशांत कोणा एका मोठ्या जमातीची नव्हे अशी ही भाषा त्यांनीं राष्ट्राची केली. स्वतः शेक्सपियरचीं दोन नाटकें तींत उतरविलीं. तेथील प्राथमिक शाळा आज स्वाहिलींतूनच चालतात. केन्यानें २०१० च्या घटनेनें तिला राजभाषा केलें, रवांडानें २०१७ सालीं तसेंच केलें, व आफ्रिकी राष्ट्रसंघानें २०२२ सालीं कामकाजाची भाषा म्हणून तिला मान्यता दिली. जन्मापासून ही भाषा बोलणारे थोडे, शिकून बोलणारे फार. सर्व मिळून वीस कोटींहून अधिक, असें युनेस्को सांगते. १९६४ च्या झांझीबारच्या क्रांतीनंतर ओमानला गेलेल्या कुटुंबांमुळें मस्कतच्या घरांतूनही ती ऐकूं येते. ७ जुलै हा तिचा जागतिक दिवस म्हणून पाळतात. १९५४ सालीं त्याच दिवशीं न्येरेरे यांचा पक्ष स्थापन झाला होता.

मोंबासा बेटासमोर न्याली येथें समुद्राकांठीं डॉ. क्राप्फ यांचें स्मारक उभें आहे. ते स्वतः मात्र कोर्नथालच्या भूमींत आहेत. न्यालीस आहेत त्या रोझिनबाई आणि आठवडाभरच जगलेली त्यांची मुलगी. सभोंवार आतां मोठी वस्ती झाली आहे, आणि त्या वस्तींतलीं मुलें खेळतांना एकमेकांस हांका मारतात त्या स्वाहिलींत.